दुसरी अक्कलदाढ काढण्याआधी स्वयंपाकघरात काय तयारी करावी?

प्रश्न : नमस्कार. आम्ही नागपूरला महालात राहतो. माझे यजमान ४८ वर्षांचे असून इतवारीत त्यांचे कापडाचे दुकान आहे. वजन साधारण ७० किलो. त्यांना काही वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या सुरू आहेत. मागच्या महिन्यात त्यांची खालची उजवी अक्कलदाढ हिरडी कापून काढावी लागली. ‘मऊ आणि थंड खा’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले, म्हणून पहिले चार-पाच दिवस आइस्क्रीम, चहात बुडवलेली बिस्किटे आणि तांदळाची पेज यांवरच काढले. वरण-भाताने आणि दुधाने जखमेत पू होतो असे सासूबाईंचे म्हणणे असल्यामुळे तेही बंद ठेवले. साखर एकदा २८० वर गेली, आणि एका रात्री त्यांना दरदरून घाम फुटून हातपाय थरथरू लागले. वजनही उतरले. आता डावी दाढ पुढच्या पंधरवड्यात काढायची आहे. या वेळी काय आणि कसे खायला द्यावे? तर्री-पोहा आणि सावजी मटण कधीपासून चालेल, हे ते आतापासूनच विचारत आहेत. त्यांना खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाची, सवय आहे. मागच्या वेळी दोन दिवसही दम निघाला नव्हता.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात त्या रात्रीच्या घामाचा आणि थरथरीचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला आहे, मी मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात पुरेसे अन्न गेले आहे की नाही याची वाट पाहत नाही. नेहमीच्या दोन पोळ्या, भाजी, वरण-भात या जेवणाच्या हिशेबाने ठरवलेली मात्रा वाटीभर पेजेवर घेतली, तर रक्तातील साखर ७० च्या खाली घसरू शकते, आणि तुम्ही वर्णन केलेली लक्षणे नेमकी तशीच असतात. दुपारी आइस्क्रीम आणि बिस्किटांनी साखर वर चढायची आणि रात्री पेजेवर ती खाली यायची, असा तो प्रकार झाला असावा. म्हणून दाढ काढण्याची तारीख पक्की होताच मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा आणि ‘जेवण निम्म्यावर आले तर कोणती गोळी किती घ्यायची’ हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करणे किंवा अर्धी करणे, दोन्ही टाळावे. घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासावी. पुन्हा तसा घाम फुटला, तर शुद्धीवर असताना तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर खालीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी भरीव खायला द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

आता पेजेविषयी. आजारी माणसाला पेज द्यायची ही आपल्याकडची जुनी आणि शहाणपणाची रीत आहे, पण ती जुलाब-तापासारख्या, पोटाला विश्रांती हव्या असलेल्या आजारांसाठी. तुमच्या यजमानांचे पोट ठणठणीत आहे. दुखणे आहे ते जबड्याच्या एका कोपऱ्यात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम तांदळाची पेज केली, तर त्यातून शंभरेक कॅलरी आणि जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने मिळतात. जखम भरून येण्यासाठी शरीराला नवी ऊती विणावी लागते आणि तिचा कच्चा माल प्रथिनांतूनच येतो. एरवीच निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत ७० ग्रॅमच्या आसपास गेलेले बरे. चार वेळा पेज दिली तरी आठ ग्रॅमच होतात, मग वजन उतरले नसते तरच नवल. अर्थात मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचे तपासणीत कधी आढळले असेल, तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

सासूबाईंचा वरण-भातावर आणि दुधावर राग आहे, तो बऱ्याच घरांत आहे, आणि त्यामागे एक खरे निरीक्षण असण्याचा संभव आहे. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळसर थर दिसू लागतो. तो पू नसतो. जखम भरताना रक्तातील फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे तिथे तयार होते, त्याचा तो रंग. घरातल्या माणसांना वाटते की काल भात खाल्ला आणि आज पू झाला. हा थर काडीने, बोटाने किंवा कापसाने पुसायला जाऊ नये. पू जंतुसंसर्गाने होतो, आणि मधुमेहात संसर्गाचा धोका साखर चढल्याने वाढतो. त्या दृष्टीने पाहिले तर मागच्या वेळी घरात बंद करायला हवे होते ते आइस्क्रीम आणि बिस्किट, वरण आणि दूध नव्हे. सासूबाईंना हे सांगताना त्यांना खोटे पाडू नका. ‘डॉक्टरांनी यांच्या साखरेसाठी मुगाचे वरण लिहून दिले आहे’ असे म्हटलेत तर त्या स्वतःच कुकर लावतील.

पथ्य नेमके कशाचे, हेही स्पष्ट व्हायला हवे. दाढ निघाल्यावर हाडात जी खाच उरते, तिच्यात रक्ताची गुठळी बसते आणि खालच्या उघड्या हाडाचे व मज्जातंतूंचे रक्षण करते. ती निसटली किंवा विरघळली की हाड उघडे पडते आणि सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान कानापर्यंत जाणारी जीवघेणी कळ सुरू होते. दंतवैद्य याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि खालच्या अक्कलदाढेत तो तुलनेने अधिक होतो. म्हणून नळीने ओढून पिणे, जोराने थुंकणे, खळखळून चूळ भरणे आणि धूम्रपान, ही सगळी मनाई त्या एका गुठळीसाठी आहे. ताक, दूध, सूप काहीही असो, ते चमच्याने किंवा पेल्यातून प्यावे. तोंड धुतानाही पाणी आत घेऊन मान हळूच कलती करावी आणि ते आपोआप बेसिनमध्ये पडू द्यावे.

खाण्याच्या बाबतीत दुसरा शत्रू म्हणजे बारीक, टणक कण. इथे आपल्या फोडणीकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण वरण कितीही मऊ शिजवले तरी वरून मोहरी आणि जिऱ्याची फोडणी ओतली की ते काम बिघडते. मोहरीचा दाणा टाक्यांच्या फटीत बसला तर तो जिभेने निघत नाही आणि माणूस तिथे बोट घालायला जातो. दाढ काढल्यानंतरचे दोन आठवडे फोडणी तुपात हिंग, हळद आणि चिमूटभर जिरेपूड एवढीच करावी. हवीच असेल तर नेहमीसारखी फोडणी करून तूप गाळून घ्यावे, म्हणजे वास येतो आणि दाणे मागे राहतात. तीळ, खसखस, राजगिरा, शेंगदाण्याचे कूट, चिवडा, शेव, पापड, भाजलेला पोह्याचा पापडही नको. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असले तरी त्याच्या बिया या दिवसांत परवडण्यासारख्या नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी जायचे की खाऊन, हे आधी विचारून घ्या. फक्त जागेवर भूल देणार असतील तर बहुतेक वेळा भरपेट नाश्ता करून आणि सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेऊन सकाळची वेळ घेणे मधुमेहींना सोयीचे पडते. परतल्यावर ओठ आणि जीभ काही तास बधिर असते. तोवर काहीही चावण्याच्या भानगडीत पडू नये, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. तोंडातला कापसाचा बोळा काढल्यावर पहिले खाणे म्हणजे थंड, गोड नसलेले घट्ट दही, किंवा फ्रिजमधले गार दूध. पहिले २४ तास गरम काहीही नको आणि चूळही नको. गालावर बाहेरून बर्फ धरावा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक वाढते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल अधिक फुगलेला दिसला म्हणून घाबरून जेवण बंद करू नये.

दुसऱ्या दिवसापासून कोमट आणि पातळ-मऊ जेवण सुरू करता येते. मुगाची डाळ आणि तांदूळ समसमान घेऊन, पाणी नेहमीच्या दुपटीने घालून, कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त काढाव्यात आणि मग खिचडी रवीने घोटून घ्यावी. त्यात दुधीचा किंवा कोहळ्याचा किस शिजतानाच घातला तर वेगळी भाजी लागत नाही आणि पोटही साफ राहते. मऊ खाण्याने आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, हे कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडचे पालकाचे आळण या दिवसांसाठी फार चांगले. पालक बारीक वाटून, बेसन लावून, लसूण-मिरचीऐवजी हिंग-जिरेपूड घालून ते सरसरीत ठेवावे आणि मऊ भातावर कालवून द्यावे. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मधुमेहाला पेजेपेक्षा बरी, पण कण्यांची नको. कण्या कितीही शिजल्या तरी कण्याच राहतात. अंड्याची मऊ भुर्जी कांदा-मिरची न घालता, लोण्यावर, मंद आचेवर करावी. पनीर हाताने कुस्करून कोमट दुधात किंवा वरणात मिसळावे. फुटाण्याच्या डाळीचे सातू बारीक चाळून ताकात कालवले की दुपारच्या चार वाजताचा प्रश्न सुटतो.

हिशेब पाहायचा तर दिवसभरात दोन अंडी, दोन पेले दूध, वाटीभर घट्ट दही, ५० ग्रॅम मुगाची डाळ, ७५ ग्रॅम पनीर, ३० ग्रॅम सातू आणि थोडा भात एवढे पोटात गेले की ६५ ते ७० ग्रॅम प्रथिने सहज होतात. बाजारातल्या प्रथिनांच्या डब्यावर हजार रुपये घालवण्याची मला तरी गरज दिसत नाही. एका वेळी फार खाववत नाही, म्हणून तीन जेवणांऐवजी सहा लहान वेळा ठेवाव्यात आणि रात्री झोपण्यापूर्वीची वेळ, पेलाभर दुधाची का होईना, चुकवू नये. मधुमेहाच्या गोळीवर रिकाम्या पोटी रात्र काढणे हेच मागच्या वेळी नडले असावे. तुमच्याकडे सोमवारचे उपास असतील तर ते या दोन आठवड्यांपुरते बाजूला ठेवावेत. साबुदाण्याची खिचडी चिकट, त्यात दाण्याचे कूट, आणि तिच्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही.

दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या, रिकाम्या पोटी घेतल्या की जळजळ होते, म्हणून आधी चार चमचे खिचडी किंवा दही आणि मग गोळी. मेट्रोनिडॅझोल दिले असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते आणि माणूस ‘अन्नच बेचव झाले’ म्हणून ताट सरकवतो. चव गोळीची आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा. ती गोळी सुरू असताना आणि त्यानंतरचे काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य आहे. यजमान घेतात की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून सांगून ठेवते. प्रतिजैविकाने जुलाब झाले तर ताजे ताक चालते, पण जुलाब वाढले तर डॉक्टरांना कळवावे.

या दिवसांत घरोघरी मृग बहाराची संत्री येतात, आणि आजाऱ्याला भेटायला येणारे पाहुणे तीच घेऊन येतात. क जीवनसत्त्व जखम भरायला लागतेच, तेव्हा संत्रे वाईट नाही. पण पहिले तीन-चार दिवस त्याचा आंबटपणा टाक्यांना झोंबतो, आणि पेलाभर रस काढायला तीन-चार फळे लागत असल्याने मधुमेहींच्या दृष्टीने तो साखरेचा पेला होतो. त्या दिवसांत पिकलेली पपई चांगली. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ते ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते आणि पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम आहे. पाचव्या दिवसानंतर संत्र्याच्या फोडी वरची साल आणि बिया काढून, नुसता गर दुसऱ्या बाजूने खाता येईल. संत्रा बर्फी पाहुण्यांनाच परत वाढावी.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून सगळे मिक्सरमधून काढणे थांबवा. जबडा मुद्दाम वापरला नाही तर तो आखडलेलाच राहतो. वरणात कुस्करलेली पोळी, मुगाच्या डाळीचे मऊ धिरडे, गुठळ्यांसकट भात, मऊ उकडलेला बटाटा असे खाणे दुसऱ्या बाजूने चावून सुरू करावे. पहिला दिवस उलटल्यानंतर प्रत्येक खाण्यामागून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हळुवार खेळवावे. लवंगेचे तेल थेट जखमेत घालण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो मानू नका.

तर्री-पोह्याचे उत्तर दोन भागांत देता येते. पोहा स्वतः निर्दोष आहे. नीट भिजवलेले, दाणे आणि मोहरी नसलेले मऊ पोहे आठवड्याने खुशाल द्यावेत. अडचण तर्रीची आहे, कारण तिच्यात मिरचीचा तवंग, सालासकट चणे आणि वरून चिवडा हे तिन्ही एकत्र येतात. टाके काढून किंवा विरघळून हिरडी मिटली आहे असे दंतवैद्यांनी पाहून सांगितले, म्हणजे साधारण दोन आठवडे उलटले, की कमी तिखट तर्रीने सुरुवात करावी. सावजीला आणखी आठवडाभर थांबावे. तिखटापेक्षाही मला हाडाच्या बारीक तुकड्याची भीती वाटते, जो रश्श्यात दिसत नाही आणि नव्या हिरडीत रुततो. तोवर मटण हवेच असेल तर खिमा अगदी मऊ शिजवून, मिरची जवळपास वगळून, भातात कालवून द्यावा. नुसता गाळलेला सुरवा देऊन ताकद येते या समजुतीवर राहू नका. बहुतेक प्रथिने गाळणीवर उरलेल्या मांसात असतात आणि आपण नेमके तेच टाकून देतो.

तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढणे, तोंडाला दुर्गंधी आणि घाण चव, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, न थांबणारे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. तुमचे दंतवैद्य उपलब्ध नसतील तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय तुम्हाला दूर नाही. श्वासाचा त्रास किंवा न थांबणारे रक्त असेल, किंवा वेळ रात्रीची असेल, तर मेडिकलचा अपघात विभाग गाठावा.

उरला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो लगदा तासन्‌तास गालात धरायचा आणि मधून मधून पिंक टाकायची, म्हणजे सुपारीचे टणक कण, चुन्याने भाजणे, तंबाखूने आकसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वारंवार थुंकणे, हे सगळे त्या ताज्या जखमेवर एकदम येते. दोन आठवडे तर एक कणही नको. तलफ आली की बडीशेप द्या असे मी एरवी सांगितले असते, पण तिचेही दाणे अडकतात, म्हणून एक-दोन घोट गार पाणी किंवा चमचाभर दही द्यावे. दंतवैद्यांना खर्ऱ्याचे प्रमाण स्पष्ट सांगितले तर निकोटिनच्या पर्यायाविषयीही ते बोलू शकतील.

याशिवाय त्यांना एक गोष्ट शांतपणे विचारा. दाढ काढण्याच्या आधीपासूनच तोंड पूर्वीसारखे मोठे उघडत नव्हते का, आणि साधे तिखटही गालाला आग लावू लागले होते का? शस्त्रक्रियेने आखडलेला जबडा एक-दोन आठवड्यांत सैल होतो. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर घट्ट होणारा विकार, ज्याला दंतवैद्य ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात, तो आपोआप सैल होत नाही, आणि त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. यजमानांची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे शस्त्रक्रियेच्या आधीच घरी पाहा. जात नसतील तर डावी दाढ काढण्यासाठी खुर्चीत बसण्यापूर्वी हे दंतवैद्यांना सांगा आणि गालांची आतून तपासणी करून घ्या.